'टॉप' म्हणजे कोणता? : जुन्या अँबॅसडरमधील पाचव्या गिअरसंबंधी

पारिभाषिक शब्दांचा विचार करताना आपण बहुधा कोशातील शब्द समोर ठेवतो. तोच शब्द कामाच्या ठिकाणी, तेलकट हातांच्या माणसांत कसा वागतो हे पाहण्याचा प्रसंग क्वचित येतो. छत्रपती संभाजीनगरातील एका गॅरेजात प्रस्तुत लेखकास असा एक प्रसंग जवळून पाहावयास मिळाला. 1973 सालची एक अँबॅसडर मार्क टू मोटार, तिच्या मूळ चार गिअरांच्या गिअरबॉक्सच्या जागी भंगारातून आणून बसविलेला पाच गिअरांचा गिअरबॉक्स, आणि मालकाने उच्चारलेला 'टॉप' हा एक शब्द, एवढीच ह्या प्रसंगाची सामग्री होय. त्या शब्दाच्या अर्थाविषयी मालक आणि मिस्त्री ह्यांचे एकमत नव्हते. त्यामुळे तो गिअरबॉक्स एकदा अकारण व नंतर सकारण, असा दोनदा खाली उतरवावा लागला. हे असे का घडले ते कळण्यासाठी आधी यंत्राची रचना पाहणे अवश्य आहे, आणि ती पाहताना थोडे गणितही करावे लागेल. भाषेच्या अभ्यासकांनी त्याचा कंटाळा करू नये, अशी विनंती आहे.

अँबॅसडर ही मूळची इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. हिंदुस्तान मोटर्स ह्या कंपनीने पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे 1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिचे उत्पादन सुरू केले, आणि ते 2014 पर्यंत चालले. मार्क टू गाडीचे 1489 घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतील आहे. ह्याच मालिकेतील इंजिन 1955 साली निघालेल्या एमजीए ह्या दोन आसनी गाडीतही होते. गिअरची दांडी चालकापुढील सुकाणूच्या खांबावर असे. तीमुळे पुढील लांब बाक मोकळा राही व त्यावर तिघे बसू शकत. मराठवाड्यात लग्नाच्या वऱ्हाडात ह्या बाकावर चौघेही बसलेले अनेकांनी पाहिले असतील.

आता गिअरांकडे वळू. मोटारीचे इंजिन ठराविक वेगमर्यादेतच नीट काम करते. चाकांस मात्र कधी सावकाश पण जोराने, तर कधी भराभर पण हलकेपणाने फिरावयाचे असते. ह्या दोहोंमधील तडजोड म्हणजे गिअरबॉक्स. इंजिनाकडून येणारा शाफ्ट, त्याच रेषेत मागे चाकांकडे जाणारा मुख्य शाफ्ट, आणि ह्या दोघांच्या खाली समांतर असलेला काउंटर शाफ्ट, अशी ह्या पेटीची ठेवण असते. पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या गिअरमध्ये शक्ती वरून खाली काउंटर शाफ्टवर उतरते आणि दात्यांच्या दुसऱ्या जोडीतून पुन्हा वर मुख्य शाफ्टवर चढते. चौथ्या गिअरमध्ये असे काही होत नाही. तेथे पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांत सरळ अडकविले जातात. इंजिनाचा एक फेरा म्हणजे मागील शाफ्टचाही एक फेरा. काउंटर शाफ्ट त्या वेळी फिरत असतो खरा, परंतु त्याच्यावर भार नसतो. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील सर्व घोटाळा हिच्याभोवती फिरतो.

पाच गिअरांच्या पेटीतही पुष्कळदा हा सरळ गिअर चौथाच असतो. पाचव्यात शक्ती पुन्हा काउंटर शाफ्टवर उतरते, पण परत चढताना दात्यांचे प्रमाण उलटे असते, म्हणून मागील शाफ्ट इंजिनापेक्षा अधिक वेगाने फिरतो. ह्यालाच ओव्हरड्राइव्ह म्हणतात. मात्र ह्या शब्दाचा जुना अर्थ निराळा होता. एडगर द नॉर्मनव्हिल ह्या संशोधकाच्या कल्पनेवरून शेफील्डच्या लेकॉक कंपनीने एक स्वतंत्र पेटी तयार केली होती. ती मूळ गिअरबॉक्सच्या मागे जोडली जाई, आणि एक बटण दाबताच वरच्या गिअरांवर आणखी एक पायरी चढे. ती स्टँडर्ड व्हँगार्ड गाडीत मिळू लागली व पुढे अनेक इंग्लिश गाड्यांत गेली. त्या पिढीच्या दृष्टीने ओव्हरड्राइव्ह म्हणजे वेगळे यंत्र, गिअर नव्हे. आज तोच शब्द 1 पेक्षा कमी प्रमाणाच्या कोणत्याही गिअरला लावतात. यंत्र गेले आणि त्याचे नाव त्याच्या कार्याला चिकटून उरले. अर्थविस्ताराचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

ह्या शब्दाला मराठी प्रतिशब्द करावयाचा झाला तर 'अतिचालन' असा शब्द सहज सुचतो, पण तो मला पटत नाही. मराठीतील 'अति' ह्या उपसर्गात अतिरेकाची छटा आहे. वस्तुतः ह्या गिअरमध्ये इंजिनाला विसावा मिळतो. गॅरेजातील मंडळी त्याला नुसते 'पाचवा' म्हणतात आणि त्यांचे काही अडत नाही, निदान तोपर्यंत अडले नव्हते.

हा विसावा किती, ते एका हिशोबाने पाहू. मागील धुऱ्यावरील प्रमाण 4.5 आणि चाकाचा एक फेरा म्हणजे 2 मीटर अंतर, असे सोयीसाठी धरू. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाताना चाके मिनिटाला सुमारे 667 फेरे घेतात. म्हणजे सरळ चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेईल. पाचव्याचे प्रमाण 0.82 असेल तर हेच फेरे 2460 होतील. हाच वेग राखून नागपूरकडे जावयाचे तर तासामागे बत्तीस हजारांवर फेरे वाचतात. आवाज कमी, तापणे कमी, झीज कमी. मुंबई व नागपूर ह्यांना जोडणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 2025 साली पूर्ण खुला झाला. तो ह्या शहराजवळून जात असल्याने जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांना पाचव्या गिअरचा मोह आता पूर्वीपेक्षा अधिक होतो, ह्यात नवल नाही. मात्र त्या मार्गावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे म्हणून ड्रम ब्रेकच्या अँबॅसडरने तीत वाटा मागू नये. पाचवा गिअर गाडीला शांत करतो, सुरक्षित करीत नाही.

शिवाय हा लाभ फुकटचा नाही. फेरे ज्या प्रमाणात कमी होतात त्याच प्रमाणात चाकांवरील ओढही कमी होते. कन्नडपुढे औट्रम घाटात पाचवा गिअर निरुपयोगी आहे. तेथे तिसरा व दुसरा, आणि पुढे मालमोटार असेल तर पहिलासुद्धा लागतो. अमेरिकेत जुन्या गाड्यांमध्ये बोर्ग वॉर्नरचा टी-फाइव्ह हा गिअरबॉक्स आवडीने बसवितात. 1983 पासून फोर्ड मस्टँगमध्ये तो येत असल्याने तिकडे तो भंगारात स्वस्त मिळे. त्याच्या एका प्रचलित प्रकारात पाचव्याचे प्रमाण 0.68 आहे. वरच्याच हिशोबाने इंजिनाचे फेरे 2040 वर येतील. आठ सिलिंडरांच्या मोठ्या इंजिनाला ते मानवते. आमच्या दीड लिटरच्या इंजिनाला किंचित चढ लागला तरी ते धापा टाकील. इंग्लंडातील हौशी लोक एमजीए व एमजीबीमध्ये फोर्ड सिएराचा टाइप नाइन गिअरबॉक्स घालतात. त्याचा पाचवा 0.82 चा आहे, आणि इंजिन आमच्याच गाडीच्या कुळातले आहे. तेव्हा अनुकरण करावयाचे तर ह्या प्रमाणाचे करावे. सिएरा मात्र आपल्याकडे विकली गेली नाही. येथे सोयीचा पर्याय म्हणजे 1990 नंतर अँबॅसडरच्या इसुझू इंजिनाच्या 1800 घनसेंटिमीटरच्या आवृत्तीत आलेला पाच गिअरांचा बॉक्स. गाडी निकालात निघाली की तो भंगारवाल्याकडे येतो. आमच्या मालकांनी तोच आणला.

मालक हे निवृत्त शिक्षक. गॅरेजात त्यांना सगळे 'सर' म्हणतात. गिअरबॉक्स स्वस्तात मिळाला म्हणून सर प्रसन्न होते. प्रमुख मिस्त्री, ज्यांना तेथील मुले 'उस्ताद' म्हणतात, तितके प्रसन्न दिसले नाहीत. "सर, डब्बा सस्ता है, जोडकाम सस्ता नहीं," असे ते दखनीत म्हणाले. पुढील तीन आठवड्यांत ह्या वाक्याची सत्यता पटत गेली.

पहिली अडचण पुढच्या बाजूस. गिअरबॉक्सचे घंटेच्या आकाराचे तोंड इंजिनाच्या पाठीवर बोल्टांनी बसते. दोन निराळ्या कुळांतील यंत्रांची बोल्टांची भोके जुळत नाहीत, म्हणून मध्ये पोलादाची जाड प्लेट कातून घालावी लागते. भोके पाडणे हे फारसे कठीण काम नाही. कठीण आहे ते केंद्र. इंजिनाच्या क्रँकशाफ्टचा अक्ष आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा अक्ष एका रेषेत आले पाहिजेत. प्लेट बसवून, फ्लायव्हीलवर डायल गेज लावून, एक पूर्ण फेरा फिरवून काटा किती हलतो ते पाहतात. काटा एकूण एक इंचाच्या पाच हजारांश, म्हणजे सुमारे 0.13 मिलिमीटर, ह्याहून अधिक हलू नये असा दंडक आहे. तो पाळला नाही तर गाडी चालते, पण बेअरिंग आणि क्लच प्लेटचा मधला भाग लवकर झिजतो आणि गिअर आपोआप सुटू लागतो. ज्या शहरात 1985 पासून वाळूजला बजाजचा कारखाना आहे व 2001 पासून शेंद्र्याला स्कोडा मोटारी जुळविल्या गेल्या, तेथे एवढे सूक्ष्म काम करणारा टर्नर सापडणे अवघड नाही. चिकलठाण्यातील एका लहान शेडमध्ये तो सापडला. त्याने सरांना विचारलेला पहिला प्रश्न किमतीचा नव्हता, "मोजायचं कशावरून धरू, भोकांवरून की मधल्या गाळ्यावरून?" असा होता. उत्तर अर्थातच गाळ्यावरून.

प्लेटची जाडी ही दुसरी बाब. ती जितकी जाड, तितका गिअरबॉक्स मागे सरतो आणि त्याच्या शाफ्टचे टोक क्रँकशाफ्टमधील लहान बुशात तितके कमी शिरते. टोकाला पुरेसा आधार उरला नाही तर शाफ्ट थरथरतो. त्यासाठी लांब बुश करावे लागले. क्लच प्लेटही मिश्र झाली: बाहेरचा व्यास जुन्या फ्लायव्हीलचा, मधले दाते नव्या शाफ्टचे. मागील बाजूस प्रोपेलर शाफ्ट कापून, वेल्डिंग करून व पुन्हा तोलून घेतला. गिअरबॉक्सला खालून आधार देणारी आडवी पट्टी नव्याने केली. वेगदर्शकाचे लहान चाक बदलले, नाहीतर काटा खोटे बोलू लागतो. ह्या गोष्टी एका वाक्यात सांगून होतात, परंतु सरांच्या पैशांचा मोठा भाग ह्याच वाक्यात खर्च झाला.

उरला दांडीचा प्रश्न, आणि तो सर्वांत नाजूक ठरला. नव्या बॉक्सची दांडी खालून, जमिनीतून वर येते. तिच्यासाठी गाडीच्या तळाच्या मधल्या उंचवट्याला भोक पाडणे भाग होते. बाकावरील मधल्या माणसाची जागा तर गेलीच. परंतु खरी चिंता त्या भोकाची होती. 2021 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीची सोय केली. अशा वाहनाच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात व नोंदणी दहा वर्षांसाठी असते. अट अशी की, वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्यात चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन ह्यांतील बदल समाविष्ट असलेली मोठी फेरदुरुस्ती झालेली नसावी. सरांची गाडी 2023 मध्ये पन्नास वर्षांची झाली. त्यांना ती नोंदणी हवी आहे.

गिअरबॉक्सचा उल्लेख त्या नियमात नाही. नोंदणीपुस्तकातही इंजिनाचा व चेसिसचा क्रमांक असतो, गिअरांची संख्या नसते. तेव्हा गिअरबॉक्स बदलला तरी 'मूळ' हे विशेषण टिकते काय? कायद्याच्या भाषेत 'समाविष्ट' हा शब्द बहुधा यादी पुरी करीत नाही, ती उघडी ठेवतो. म्हणजे जे नाव यादीत नाही ते सुटलेच असे म्हणता येत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलमही निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीतील तपशील विसंगत होतील असा बदल मालकास करू देत नाही, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला आहे. आणखी एक मेख अशी की, अँबॅसडरला वेगळी चेसिस नाही. तिचा तळ, बाजू व छप्पर मिळून एकच कवच आहे. म्हणून तळाला पाडलेले भोक हे बॉडी शेलला पाडलेलेच भोक होय. गिअरबॉक्स उद्या उतरवून जुना चढविता येईल. कापलेला पत्रा परत येत नाही. माझ्या मते ह्या कामात बॉक्सच्या किमतीवरून निवड करणे चूक आहे. कोणत्या बॉक्ससाठी गाडीला किती कापावे लागते, हे आधी पाहावे आणि परिवहन कार्यालयास लेखी विचारून मगच करवत उचलावी. सरांनी विचारले, पण करवत उचलल्यानंतर. एवढे मात्र त्यांनी केले की, भोक तळहाताएवढेच ठेवविले, कापलेला तुकडा सांभाळून ठेवला, आणि जुना बॉक्स व सुकाणूवरील दांडीचा सगळा साज तेल लावून गोणपाटात बांधला.

आता तो शब्द. काम पूर्ण होऊन महिना झाल्यावर गाडीतून घरघर येऊ लागली. सर गॅरेजात आले. उस्ताद गावी गेले होते. त्यांचा तरुण सहकारी होता. सर म्हणाले, "टॉप सोडून सगळ्या गिअरात आवाज येतो." एवढ्या एका वाक्यात खरे तर संपूर्ण निदान होते. सरांनी पन्नास वर्षे चार गिअरांची गाडी चालविली. त्यांच्या भाषेत पहिला, दुसरा, तिसरा आणि टॉप अशी माळ आहे. पहिल्या तिघांना क्रमवाचक नावे आणि चौथ्याला स्थानवाचक. पाचवा आल्यावर त्यांनी ती माळ मोडली नाही, तिच्या टोकाला 'पाचवा' जोडला. पहिला, दुसरा, तिसरा, टॉप, पाचवा! तर्काला ही माळ खटकेल, परंतु भाषेला असे प्रकार नवे नाहीत. 'तेल' हा शब्द तिळापासून आला तरी आपण खोबऱ्याचे तेल बिनदिक्कत म्हणतो. तरुण मिस्त्री मात्र पाच गिअरांच्या गाड्यांवरच शिकलेला. त्याच्या भाषेत टॉप म्हणजे सर्वांत वरचा, म्हणजेच पाचवा. एकाच्या तोंडी शब्द कार्याला बांधलेला आहे, दुसऱ्याच्या तोंडी स्थानाला. चार गिअरांच्या काळात कार्य आणि स्थान एकाच ठिकाणी पडत होती, म्हणून हा भेद कधी दिसलाच नाही.

मिस्त्रीने ऐकले ते असे: पहिल्यापासून चौथ्यापर्यंत आवाज, पाचव्यात नाही. पाचव्यात इंजिनाचे फेरे कमी असतात, तेव्हा तेथे आवाज दबत असेल, असे त्याने मानले. सरळ चौथ्यातही आवाज येतो म्हटल्यावर काउंटर शाफ्टवरील त्याचा संशय उडाला, कारण चौथ्यात त्याच्यावर भार नसतो. मग उरली ती पुढची जोड, ती कातलेली प्लेट. त्याचा विचार चुकीचा नव्हता. मिळालेल्या माहितीवरून कोणताही चांगला कारागीर हेच म्हणाला असता. गिअरबॉक्स उतरला, डायल गेज लागले, दोन दिवस मोजमाप झाले. काटा मर्यादेत होता. बॉक्स परत चढला आणि घरघर तशीच राहिली.

उस्ताद परतल्यावर त्यांनी सरांना शेजारी बसवून गाडी जालना रस्त्यावर नेली आणि काहीही न विचारता स्वतः एकेक गिअर टाकून पाहिला. पहिला, दुसरा, तिसरा घरघरले. चौथा शांत. पाचवा पुन्हा घरघरला. "सर, तुम्ही टॉप कोणाला म्हणता?" त्यांनी विचारले. सरांनी दांडीवर हात ठेवून चौथा दाखविला. दुसऱ्या दिवशी बॉक्स पुन्हा उतरला, आणि काउंटर शाफ्टचे एक बेअरिंग खडबडीत झालेले निघाले. जुन्या भंगारी बॉक्समध्ये हे बेअरिंग बसविण्यापूर्वीच बदलून घ्यावे, हा ह्यातला तांत्रिक धडा उस्तादांनी स्वतःच्या नावावर घेतला.

ह्यानंतर प्रस्तुत लेखकाने त्या गॅरेजात येणाऱ्या चालकांना काही दिवस हाच प्रश्न विचारून पाहिला. तो केवळ कुतूहलाचा भाग होता, सर्वेक्षण नव्हे. जुन्या मालमोटारींवर आयुष्य काढलेले चालक बहुधा सरांच्या बाजूचे निघाले, आणि पाच गिअरांच्या गाडीवरच शिकलेले तरुण मिस्त्रीच्या. एका मध्यमवयीन चालकाचे उत्तर मला विशेष वाटले. तो म्हणाला, "गाडी कोणती ते सांगा, मग टॉप सांगतो."

गॅरेजातील कामाच्या वहीत आता गिअरांची नावे अंकांनी लिहितात, आणि 4 ह्या अंकापुढे 'डायरेक्ट' असे लिहिण्याची पद्धत उस्तादांनी घालून दिली आहे. सर अजून चौथ्याला टॉपच म्हणतात. परिवहन कार्यालयाला त्यांनी लिहिलेल्या पत्राचे उत्तर यावयाचे आहे. तोपर्यंत गोणपाटातील जुना बॉक्स त्यांच्या घराच्या माडीखाली, पत्र्याच्या त्या तुकड्याशेजारी, ठेवलेला आहे.